तंबूवाल्याने हंगामी परवाना घ्यावा, की दर 14 दिवसांनी मुक्काम हलवावा?

नोकरी सुटली पण मोटारसायकल सुटली नाही, अशा माणसाने ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढायचे ठरवले की तंबू कोणता, स्लीपिंग बॅग किती जाड, स्टोव्ह गॅसचा की पेट्रोलचा हे प्रश्न एकदोन मुक्कामांत आपोआप सुटतात. क्वार्टसाइटला, म्हणजे इंटरस्टेट 10 आणि महामार्ग 95 एकमेकांना छेदतात तेथे पोहोचल्यावर खरा निर्णय एकच उरतो. बीएलएमच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याच्या, दीर्घमुक्काम क्षेत्रात हंगामाचा परवाना काढून एका जागी बसायचे, की त्याच खात्याच्या मोकळ्या जमिनीवर फुकट राहून दर 14 दिवसांनी चंबूगबाळे आवरायचे? मी दोन हिवाळे परवान्यावर काढले आणि त्यानंतरचे तीन मोकळ्यावर. त्यामुळे माझा कल कोणीकडे आहे हे लपणार नाही. तरीही परवान्याच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते पुष्कळ आहे, आणि काही जणांना मी आजही तोच घ्या म्हणून सांगतो.

पैशाचा मुद्दा लवकर संपतो. मी परवाना काढला तेव्हा 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या संपूर्ण हंगामाचे 180 डॉलर पडले, म्हणजे दिवसाला एक डॉलरही नाही, आणि त्याच परवान्यावर एका दीर्घमुक्काम क्षेत्रातून दुसऱ्यात जाता येत होते. तंबूवाला सप्टेंबरच्या उन्हात तेथे जाणार नाही आणि मार्च संपेपर्यंत थांबणारही नाही, हे गृहीत धरले तरी भाव महाग म्हणता येत नाही. तेव्हा फुकट आहे म्हणून मोकळे रान निवडावे, असा माझा युक्तिवाद नाही. महिन्याला एक टायर झिजवणाऱ्या माणसाने 180 डॉलरचा हिशेब मांडणे शोभतही नाही.

परवान्याची खरी मेख पैशात नसून एका नियमात आहे, आणि मोटारसायकलवाल्यांपैकी निम्म्यांना तो नियम तेथे पोहोचल्यावर कळतो. दीर्घमुक्काम क्षेत्रांची ही व्यवस्था 1983 पासून चालत आली आहे आणि ती मुळात घरासारख्या गाड्या घेऊन येणाऱ्यांसाठी आखलेली आहे. सांडपाण्याची किमान 10 गॅलनची टाकी ज्या वाहनाला कायमची बसवलेली आहे त्यालाच नियम स्वयंपूर्ण मानतो. उचलून नेता येणारा छोटा संडास त्यात धरत नाहीत. ज्याच्याकडे अशी टाकी नाही त्याला बऱ्याच क्षेत्रांत प्रवेशच नाही. ला पोसा, इम्पीरियल डॅम आणि म्यूल माउंटन येथे तो राहू शकतो, पण सार्वजनिक शौचालयापासून 500 फुटांच्या आत. म्हणजे नकाशावर ला पोसाचा पसारा हजारो एकरांचा दिसत असला तरी तंबूवाल्याच्या वाट्याला त्यातली काही वर्तुळेच येतात, आणि प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर संडास असतो.

याचा पहिला परिणाम चांगला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सगळे तंबूवाले, सायकलवाले आणि जुन्या व्हॅनमध्ये झोपणारे त्या वर्तुळांत आपोआप एकत्र येतात. मोठ्या गाड्यांच्या गर्दीत एकटा पडलेला मोटारसायकलस्वार तेथे अर्ध्या तासात ओळखीचा होतो. चोया नावाच्या निवडुंगाच्या काट्याने माझे मागचे चाक पंक्चर झाले तेव्हा टायर लोखंडी पट्ट्यांनी उचकटायला दोन माणसे न बोलावता आली, आणि त्यांतल्या एकाने माझ्या पद्धतीतली चूक इतक्या नम्रपणे दाखवली की ती मी अजून विसरलो नाही. दुसऱ्या हिवाळ्यात भुसभुशीत खडीत वळताना गाडी माझ्यासह आडवी झाली, तेव्हा मी पाय सोडवतो तोच शेजारी धावत आला होता. ला पोसात पाण्याचा नळ आहे, कचरा टाकायची सोय आहे, रात्री दहा ते सकाळी सहा शांततेचा नियम आहे. तंबू उभा ठेवून दोनतीन दिवस भटकून यायचे असेल तर तेही चालते. सामान सलग पाच दिवसांहून जास्त बेवारस ठेवायचे नाही, एवढेच पथ्य. कोफा अभयारण्यात जाऊन पाम कॅन्यनच्या कपारीतली रानटी ताडाची झाडे पाहून मी संध्याकाळी परत येत असे, आणि पॅनियर, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या, रिकामे असल्यामुळे त्या कच्च्या रस्त्यावर गाडी पोरासारखी पळे.

दुसरा परिणाम मात्र रात्री कळतो.

डिसेंबरात तेथे सूर्य सहाच्या आत मावळतो आणि रात्र जवळजवळ 14 तासांची असते. दिवसा सदऱ्यावर बसता येईल असे ऊन असले तरी अंधार पडल्यावर थंडी झपाट्याने उतरते, शेकोटी विझली की माणूस स्लीपिंग बॅगेत शिरतो आणि दहाअकरा तास आडवा असतो. त्यामुळे तंबूवाल्याचा हिवाळा हा मुख्यत्वे झोपून काढायचा असतो, आणि झोपलेल्या माणसाच्या कानाला काय ऐकू येते यावर जागेची किंमत ठरते. मी राहिलो त्या ठिकाणच्या शौचालयाला स्प्रिंगचे लोखंडी दार होते. जागेचे नाव सांगत नाही, कारण दोष कुणाचा नव्हता आणि ते दार एव्हाना बदललेही असेल. दार सोडले की ते आधी चौकटीवर धाडकन आदळे, मग किंचित मागे येऊन दुसऱ्यांदा हलकेच टेके, आणि शेवटी कडीचा खट्ट आवाज होई. पहिल्या आवाजाने जाग येत असे आणि पुढचे दोन येईपर्यंत झोप लागत नसे. तिसऱ्या रात्रीपासून तर खडीवरच्या चपलांच्या आवाजानेच मी जागा होऊन त्या तिन्हींची वाट पाहू लागलो. वर्तुळात जमलेली मंडळी बहुतेक माझ्याच वयाची, आणि या वयात रात्री किती वेळा उठावे लागते ते वेगळे सांगायला नको. त्यात प्रत्येकाच्या डोक्याला दिवा. तो तंबूच्या कापडावरून एकदा जाताना आणि एकदा येताना फिरे.

मी उपाय करून पाहिला. जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून, दुमडून चौकटीच्या कडेला बसवला. पहिल्या तासाभरात दार इतके मऊ मिटले की स्वतःवरच खूश झालो. मध्यरात्रीनंतर वारा सुटला. रबराच्या जाडीमुळे कडी आता लागत नव्हती, त्यामुळे ते दार पहाटेपर्यंत वाऱ्याबरोबर आपटत राहिले, आणि सकाळी कॉफी पिताना वर्तुळातला प्रत्येक जण दाराला काय झाले असावे यावर मत देत होता. मी रबर गुपचूप काढून खिशात घातले. तंबू 500 फुटांच्या अगदी कडेला नेऊन पाहिला, पण वाळवंटात आवाज अडवायला काही नसते. क्रिओसोटची झुडपे कंबरेएवढी आणि विरळ. कानात बोळे घातले तर वाऱ्याने तंबूची दोरी सुटल्याचे कळत नाही. तिसऱ्या वर्षी मी परवाना काढला नाही. कारण इतके क्षुल्लक आहे की लोकांना सांगताना मी बराच काळ स्वातंत्र्य, एकांत वगैरे शब्द वापरत असे.

मोकळ्या जमिनीवर नियम सरळ आहे: 28 दिवसांच्या कोणत्याही काळात एका भागात 14 दिवस, मग 25 मैलांच्या बाहेर. क्वार्टसाइटच्या भोवती डोम रॉक, प्लोमोसा रोड आणि हाय जॉली असे भाग आहेत. हाय जॉली हे नाव अमेरिकी सैन्याने 1856 मध्ये आणलेल्या उंटांबरोबर आलेल्या हाजी अली या उंटवाल्याचे. त्या नावाचा उच्चार गोऱ्या सैनिकांच्या जिभेवर असा वळला. त्याची पिरॅमिडच्या आकाराची समाधी गावात आहे आणि वर धातूचा उंट आहे. जनावरावर बिऱ्हाड लादून हे वाळवंट तुडवलेल्या माणसाच्या नावाने मुक्काम करताना आपले दोन पॅनियर फारसे जड वाटत नाहीत.

गैरसोयी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पहिली पाण्याची. मला स्वयंपाकासकट दिवसाला पाच लिटर लागते. दहा लिटरच्या दोन घडीच्या पिशव्या म्हणजे चार दिवस, आणि पाचव्या दिवशी गावात फेरी. 20 किलो पाणी बसेल तेवढे खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे बांधले नाही तर ओढ्याच्या वाळूत पुढचे चाक स्वतःचे मत मांडू लागते. दुसरी शौचाची. ज्या सोयीपासून मी पळालो तिची किंमत घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या वागवून चुकवतो, कारण वर्दळीच्या रानात जो तो खड्डे खणू लागला तर ती जागा कुणाच्याच राहण्याची उरणार नाही. तिसरी गैरसोय एकटेपणाची, आणि ती मी हलक्यात घेत नाही. डोम रॉकच्या बाजूला साइड-स्टँडखाली पत्रा ठेवायला विसरलो आणि गाडी सावकाश, जणू झोप लागल्यासारखी, कुशीवर गेली. पॅनियर सोडवून, सामान उतरवून, पाठ गाडीला लावून ती उभी करायला मला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात कुणीही फिरकले नाही. ज्याला हृदयाचे दुखणे आहे, किंवा ज्याची गाडी त्याच्याकडून एकट्याने उचलली जात नाही, त्याने दाराचा आवाज सोसावा आणि परवाना घ्यावा, असे माझे मत आहे.

राहिले दर 14 दिवसांचे उठणे. मोठ्या गाडीवाल्यांना ही शिक्षा वाटते. त्यांनी चटया अंथरलेल्या असतात, सौर पाट्या मांडलेल्या असतात, कुंड्याही ठेवलेल्या असतात. मोटारसायकलवाल्याचे तसे नाही. पहिल्या वर्षी आवरायला मला तीन तास लागले, आता सव्वा तास पुरतो, आणि त्यातली वीस मिनिटे खुंट्यांना बांधलेले दगड जागच्या जागी परत ठेवण्यात जातात, कारण त्या कडक जमिनीत नुसती खुंटी उभी राहत नाही. शिवाय 14 दिवसांत तंबूच्या चेनमध्ये एवढी बारीक धूळ बसते की ती एरवीही काढून पुसावीच लागली असती. मी साधारणपणे महामार्ग 95 ने दक्षिणेला युमापर्यंत उतरतो आणि कोलोरॅडो नदी ओलांडून कॅलिफोर्नियातल्या ओगिल्बी रोडच्या रानात जातो. नदी ओलांडली की घड्याळ एक तास मागे जाते, पेट्रोल महागते आणि हेल्मेट कायद्याने सक्तीचे होते. ॲरिझोनात ते 18 वर्षांखालच्यांनाच सक्तीचे आहे, तरी मी ते दोन्हीकडे घालतो. पुढच्या खेपेला पुन्हा वर येतो. हलायला लागते म्हणून मला या वाळवंटाची दोन टोके माहीत झाली. परवान्याच्या दोन हिवाळ्यांत मला मुख्यतः एक शौचालय माहीत झाले होते.

जानेवारीच्या उत्तरार्धात मात्र हा सगळा हिशेब काही दिवस बिघडतो. क्वार्टसाइटला घरासारख्या गाड्यांच्या प्रदर्शनाची जत्रा भरते, मोकळी रानेही गच्च होतात, आणि दोनशे पावलांवर कुणाचा तरी जनरेटर धडधडत असतो. त्या काळात मी ओगिल्बीकडेच असतो. ज्याला जत्रा हवी आहे त्याने तेव्हा परवान्याच्या वर्तुळात राहण्यात शहाणपणा आहे, कारण निदान दहानंतर शांततेचा नियम सांगता येतो.

ज्याचे अजून ठरत नसेल त्याने थेट हंगामाचा परवाना काढू नये. दीर्घमुक्काम क्षेत्रांत 14 दिवसांचा छोटा परवानाही मिळतो. माझ्या वेळी तो 40 डॉलरला होता. तो घेऊन एक पंधरवडा तेथे काढावा, पुढचा पंधरवडा मोकळ्यावर, आणि दोन्हीकडची झोप स्वतःच ताडून पाहावी. गाढ झोपणाऱ्या माणसाला माझी तक्रार हास्यास्पद वाटेल, आणि त्याच्यापुरते ते बरोबरच असेल. मात्र पहिल्या दिवशी तंबू ठोकण्याआधी शौचालयापर्यंत चालत जावे, दार पूर्ण उघडावे, आणि हात सोडून द्यावा.