बास सॅक्सोफोन: शंभर वर्षांचा दुरुस्त केलेला घ्यावा की नवा?

अंग पितळेचं असलं तरी बास सॅक्सोफोन रीडवर, म्हणजे तोंडाशी थरथरणाऱ्या पातळ पट्टीवर वाजतो, म्हणून त्याची गणना वुडविंडमध्ये, म्हणजे बासरी-क्लॅरिनेटच्या कुळात. जुने म्हणून विकायला येतात ते बहुतेक 1920 च्या दशकातले, इंडियानातल्या एल्कहार्टचे, कॉन किंवा ब्यूशर बनावटीचे. तेव्हा अमेरिकी वादक एड्रियन रोलिनी जॅझमध्ये यावरच बासची बाजू सांभाळायचा. पुढे डबल बास आला आणि याची मागणी आटली. नव्यात पॅरिसचा सेल्मर, जर्मन वाद्यं आणि जुन्या अमेरिकी घडणीवर बेतलेली चिनी.

जुन्याचा पट्टीपासूनच (पिचपासूनच) विचार करावा. अनुक्रमांकाजवळ ‘लो पिच’ किंवा नुसतं ‘एल’ उमटवलेलं असावं. ‘एच’ किंवा ‘हाय पिच’ असेल तर ए = 457 हर्ट्झच्या आसपासची चढी पट्टी; आजच्या 440 पेक्षा अर्ध्या स्वराच्या जवळपास दोन-तृतीयांश वर. माउथपीस बाहेर ओढला की वरचे स्वर जास्त उतरतात, खालचे कमी, आणि सप्तकं आपसात जुळत नाहीत. दुरुस्ती कितीही देखणी असो, ते वाद्य कपाटात ठेवायचं. नव्यात ही भानगडच नाही.

खर्जात दोघे सारखे. कागदावर लिहिलेला बी फ्लॅट, कानाला ऐकू येतो तो ए फ्लॅट, सुमारे 52 हर्ट्झ. वर मात्र जुना बहुधा ई फ्लॅटला थांबतो, नवा एफ शार्पपर्यंत जातो. नादात आमचा कौल जुन्या अमेरिकी वाद्याला: आवाज रुंद, गोल. पण त्याला मोठ्या पोकळीचा माउथपीस लागतो. आजचा अरुंद, धारदार माउथपीस लावला की वरचं सप्तक चढतं आणि दोष बिचाऱ्या वाद्यावर जातो.

‘पूर्ण दुरुस्त’ या दोन शब्दांवर पैसे देऊ नका. अंधाऱ्या खोलीत नळीत दिवा सोडून प्रत्येक पॅड (नळीवरची भोकं झाकणारी चामडी गादी) हलक्या बोटाने मिटवा. कुठे उजेड झिरपतो ते पाहा. मग पातळ कागदाची पट्टी पॅडखाली पुढे, मागे, दोन्ही बाजूंना धरून ओढा. चारही ठिकाणी सारखी अडली पाहिजे. मागे घट्ट आणि पुढे सैल असेल तर पॅड प्रमाणाबाहेर जाड आहे. शेवटी सर्वांत खालचा बी फ्लॅट अगदी हळू वाजवा. तो गुरगुरला की लोक खालच्या तळहाताएवढ्या पॅडकडे बघतात. गळती बऱ्याचदा वर, जी शार्पच्या किंवा सप्तक बदलणाऱ्या ऑक्टेव्ह चावीच्या छोट्या पॅडला असते.

कॉनच्या बऱ्याच वाद्यांच्या टोनहोलची, म्हणजे पॅडखालच्या भोकाची कड बाहेर वळवलेली असते. ती कानशीने घासून सपाट केलेली दिसली तर वाद्य सोडा; गेलेली कड परत येत नाही. बसलेली कड आतून उचलून सारखी करायची असते. ब्यूशरचे पॅड मधल्या खुंटीवर बटणासारखे बसतात. आधीच्या कारागिराने खुंट्या छाटून लाखेने साधे पॅड चिकटवले असतील तर वाद्य वाजेल, पण भाव कमी करून घ्या. कोरीव काम पुसट आणि लॅकर चकचकीत दिसलं तर समजायचं की पॉलिशच्या चाकावर पितळही गेलंय.

हाताला नवा सोपा. जुन्याच्या डाव्या करंगळीच्या चाव्या जड, रॉड लांब. सांधे झिजले की चावी आडवी डुलते आणि नवा पॅडही महिन्याभरात जागा सोडतो. म्हणून आधी सांधे कसायचे, मग पॅड. उलटं केलं तर दुरुस्तीचा खर्च दोनदा.

मुंबई-गोव्याच्या दमट हवेत दोन्हींचे चामडी पॅड पावसाळ्यात बुरसतात. वाजवून झालं की नेक (माउथपीसजवळची वाकडी नळी) पुसा, केस थोडा वेळ उघडी ठेवा. बेलवरचा (रुंद तोंडावरचा) पोचा बँडची वाद्यं करणारा कारागीर काढून देईल. पॅड मात्र सॅक्सोफोनवर हात बसलेल्याकडेच द्यावेत. तसा माणूस जवळपास नसेल तर जुन्याच्या वाटेला जाऊ नका. स्वस्त नवाही पेटीतून काढल्यावर बहुधा एकदा जुळवून घ्यावाच लागतो.

नुसता खर्ज हवा असेल, तर खालचा ए असलेला बॅरिटोन सॅक्सोफोन सुमारे 65 हर्ट्झपर्यंत उतरतो. बासपेक्षा फक्त दोन पूर्ण स्वर वर, आणि रीड, केस, कारागीर सगळं सहज मिळतं.