जुनी अँटिक क्विल्ट म्हणून १४०० डॉलरला फसवलं, घेणाऱ्यांनी जरूर वाचा

मंडळी, जरा मोठं झालंय पण वाचा, कारण न्यू जर्सीतले आपले बरेच जण विकेंडला पेन्सिल्वेनियात लँकेस्टरकडे जातात, आमिश लोकांची, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, शेतं बघतात आणि येताना क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी, घेऊन येतात, आणि जुनी क्विल्ट घ्यायची हौस असेल तर माझ्यासारखं तुमचंही होऊ शकतं.

मला क्विल्टचं वेड आहे. लहानपणी नगरला आजीच्या लुगड्यांची गोधडी अंगावर घेऊन झोपलेय, त्यामुळे इथे पहिल्यांदा म्युझियममध्ये क्विल्ट बघितली तेव्हा एकदम घरचंच काहीतरी भेटल्यासारखं झालं. आई सहा महिन्यांसाठी येणार होती, तिला दाखवायला एक खरी जुनी क्विल्ट घरात हवी असं डोक्यात बसलं होतं.

सप्टेंबरमध्ये एका अँटिकच्या बाजारात गेलो. एका स्टॉलवर लॉग केबिन नमुन्याची क्विल्ट टांगलेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लॉग केबिनमध्ये मधे एक छोटा चौकोन असतो आणि त्याच्या भोवती पट्ट्या लावत जातात, ओंडक्यांचं घर रचतात तशा, अर्ध्या बाजूला फिके रंग आणि अर्ध्या बाजूला गडद, आणि असे ब्लॉक कसे फिरवून जोडाल त्याप्रमाणे वेगवेगळं डिझाइन होतं, बार्न रेझिंग, स्ट्रेट फरो वगैरे. मधला चौकोन बहुतेक वेळा लाल असतो, तो घरातली चूल असं म्हणतात. या क्विल्टमध्ये तो काळा होता. विकणारा बाबा हळू आवाजात म्हणाला की ही १८५० ची आहे, गुलामगिरीतून पळून उत्तरेकडे जाणाऱ्यांना 'इथे थांबा, हे घर सुरक्षित आहे' हे कळावं म्हणून काळ्या चौकोनाची क्विल्ट कुंपणावर टाकायचे. मी कापडाला हात लावून उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने १८०० सांगितले, कॅश दिली तर १४०० म्हणाला, मी दिले.

आई नोव्हेंबरमध्ये आली. तिने आयुष्यभर गोधड्या शिवल्यात. क्विल्ट पलंगावर पसरली, तिने चष्मा लावला आणि आधी कडेवरून हात फिरवला. म्हणाली, "अगं, मधे एवढी विरलीय आणि काठ कोरा कसा? गोधडी आधी काठाला झिजते." मी म्हटलं काठ नंतर बदलला असेल, आणि तसं होतंही, जुन्या क्विल्टचं बायंडिंग, म्हणजे कडेला शिवलेली पट्टी, बदललेलं असतं. ती काही बोलली नाही, एका ठिकाणी शिवण उसवली होती ती बोटाने उघडून बघितली. आत दुमडलेलं कापड बाहेरच्याइतकंच तपकिरी होतं. "उन्हाने रंग गेला असता तर आतला रंग ताजा राहिला असता ना, ही तर चहाच्या पाण्यात बुडवून काढलीय." मग सुटलेला दोरा काढून तिने काडीने पेटवला. सुती दोरा जळला की कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख होते, हा आक्रसला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. पॉलिएस्टर. १८५० मध्ये पॉलिएस्टर कुठलं, ते बाजारात आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. शेवटी कोपऱ्यातल्या बायंडिंगच्या शिवणीत पांढऱ्या नायलॉनची नखाएवढी पट्टी सापडली, लेबल कापून टाकल्यावर उरलेली. ती पट्टी बघितली आणि मी तिथेच खाली बसले.

तरी मन मानेना म्हणून क्विल्टची किंमत काढणाऱ्या एका सर्टिफाइड बाईंकडे घेऊन गेले. अशा लोकांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी संस्था आहे, केंटकीतल्या पडुकाची अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी. बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं की ही परदेशात बनलेली नवी क्विल्ट आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून अशा स्वस्त क्विल्ट इकडे भरपूर येतात, १९९२ मध्ये तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमने स्वतःच्या संग्रहातल्या क्विल्टच्या नकला चीनमधून करून विकायला परवानगी दिली तेव्हा इथल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांनी मोठा निषेध केला होता. नवी म्हणून विकली तर काही तक्रार नाही, शिवणाऱ्या बायकांचे कष्ट त्यातही आहेतच, पण लेबल कापून इतिहास चिकटवणं ही सरळ चोरी आहे. मशीनची शिवण दिसली म्हणून लगेच खोटी समजू नका असंही त्या म्हणाल्या, कारण शिवणयंत्र १८५० नंतर घरोघर जायला लागलं होतं. पण लॉग केबिन हा प्रकारच पसरला १८६० च्या दशकात, आणि जुन्यात खूपदा आत कापूसच नसतो, पट्ट्या खालच्या कापडावरच शिवत जातात. माझ्या क्विल्टमधून तर पॉलिएस्टरचे तंतू वर येत होते.

आणि ती कुंपणावरच्या क्विल्टची गोष्ट? ती पसरली १९९९ मध्ये आलेल्या एका पुस्तकामुळे. पळून आलेल्या लोकांनी स्वतः सांगितलेल्या आठवणींत असं काही इतिहासकारांना सापडलेलं नाही. मला पैशापेक्षा याचा राग जास्त आहे. हॅरिएट पॉवर्स नावाची बाई १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मली, तिने बायबलमधल्या गोष्टींची एक क्विल्ट केली, माणसं, प्राणी, सगळं कापून टाचलेलं. ती तिला विकायची नव्हती. पुढे हलाखी आली तेव्हा १८९१ च्या सुमारास दहा डॉलर मागितले आणि पाच मिळाले, आणि नंतर ती क्विल्टला भेटायला परत परत जायची. आज ती स्मिथसोनियनमध्ये आहे. तिला पाच डॉलर, आणि तिच्या लोकांच्या दुःखाची खोटी कहाणी सांगून या माणसाने माझ्याकडून १४०० घेतले.

पैसे परत मागायला गेले तर फोन बंद. पावती नीट बघितली तर त्यावर 'जुन्या पद्धतीची क्विल्ट, आहे तशी' एवढंच, ना वर्ष ना कापड. कार्डने दिले असते तर बँकेकडे तक्रार करता आली असती, कॅशचं काय करणार. कन्झ्युमर खात्याकडे फोटो आणि पावती पाठवलीय, अजून उत्तर नाही.

लँकेस्टरला जुनी आमिश म्हणून दाखवली तर एवढं बघा, तिथल्या जुन्या क्विल्ट बहुतेक साध्या एकरंगी लोकरी कापडाच्या असतात, मधे मोठा डायमंड किंवा उभे पट्टे किंवा छोट्या चौकोनांचं सनशाइन अँड शॅडो, रुंद काठ, आणि त्यावर बारीक हाताचे टाके. फुलाफुलांचं छापील कापड वर दिसलं तर विचारा. तारीख आणि कापड पावतीवर लिहून द्यायला सांगा, खरा विकणारा देतो. आणि गोष्ट ऐकण्याआधी चारही कोपऱ्यांतलं बायंडिंग बोटाने उलटून बघा, पांढरी पट्टी राहिलीय का ते. माझी तिथेच होती, उजव्या खालच्या कोपऱ्यात.