डी३चे थेंब: औषधाला पाच, ड्रॉपरला दोन

किडनीच्या जुन्या दुखण्याच्या पोरासाठी व्हिटॅमिन डी३च्या थेंबांची बाटली घ्यायला जाल तर खोक्यावरचं नाव नंतर वाचा, आधी आकडा वाचा. एका मिलीत ४०० युनिट की ८००? खोकं तेच, रंग तोच, सूर्याचं चित्रही तेच, आणि औषध थेट निम्मं किंवा दुप्पट. आमच्या इथल्या एका दुकानात ‘८०० संपलंय, हे घ्या, सेमच आहे’ म्हणून ४०० ची बाटली काउंटरवर आली होती. सेम कसं असेल?

कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन-तीन कंपन्यांचे थेंब आलटून पालटून वापरलेत, आत औषध एकच: कोलेकॅल्सिफेरॉल. फरक पडतो तो मापात.

आमच्या धाकट्याला जन्मतःच लघवीच्या वाटेत, लघवी अडवणारी झडप होती. ऑपरेशन लवकर झालं, पण तोवर दोन्ही किडन्यांना मार बसलेला. आता तो दुसरीत आहे, आजार तिसऱ्या टप्प्यात. आज्जीचं म्हणणं, ‘दिवसभर उन्हात हुंदडतंय, ह्याला कसलं डी कमी?’ त्याच्या किडनीच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं ते असं: कातडीत किंवा औषधातून आलेलं डी आधी लिव्हरमधून जातं आणि शेवटचा हात किडनीत फिरतो, तेव्हा ते खरं कामाला येतं. किडनी थकली की ते काम मंदावतं. मग रक्तातलं कॅल्शिअम घसरू नये म्हणून गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोर करतात आणि हाडातलं कॅल्शिअम ओढून काढतात. वाढत्या पोराच्या हाडातलं! त्यात लघवीतून प्रोटीन जात असेल तर त्याच्याबरोबर डी पण वाहून जातं. म्हणून रिपोर्टमध्ये डी बरोबर पीटीएच (म्हणजे त्याच ग्रंथींचं हार्मोन), कॅल्शिअम, फॉस्फरस सगळंच बघतात.

त्याचा २५-हायड्रॉक्सी डी, म्हणजे रक्तातल्या डीचा आकडा, २२ आला होता (मिलीला नॅनोग्रॅममध्ये). मुलांच्या किडनीचे डॉक्टर तो ३० च्या वर ठेवायला बघतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली तसा लेखी सल्लाच काढलाय. मॅडमनी रोज २००० युनिट लिहिले, तीन महिने. मग पुन्हा रक्त. (हा आमच्या पोराचा डोस. तुमचा रिपोर्ट वेगळा असेल तर डोसही वेगळा, इथून उचलू नका.)

आता बाटलीचा हिशोब. ८०० च्या थेंबांतून २००० युनिट म्हणजे रोज अडीच मिली. बाटली १५ मिलीची. सहा दिवसांत खलास! महिन्याला पाच बाटल्या. ४०० ची घेतली तर दहा. हे थेंब तान्ह्या बाळांसाठी बनवलेले असतात, रोज अर्धा नाहीतर एक मिली, त्यांना १५ मिली पुरते. आमच्यासारख्यांना ३० मिलीचीच बाटली शोधावी लागते, ती दर दुकानात नसते. हा पहिला वजा गुण.

दुसरा ड्रॉपर. माझा हुपरीत पैंजणांचा धंदा, घरात चांदीचा काटा आहे. एका मिलीच्या रेघेपर्यंत साधं पाणी भरून काट्यावर सोडलं. एक ग्रॅम यायला हवं होतं. एका बाटलीच्या ड्रॉपरचं जवळजवळ बरोबर आलं, दुसऱ्याचं चांगलंच कमी. शिवाय काचेच्या नळीवरची छापील रेघ दोन आठवड्यांच्या धुण्यात पुसली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्येच बाळांच्या डी थेंबांसोबत येणाऱ्या मोठ्या ड्रॉपरबद्दल इशारा दिला होता, की त्यात लागतं त्यापेक्षा जास्त मावतं. आपल्याकडे अजून रबराचा फुगा आणि अंदाज. मेडिकलमधून सुई नसलेली प्लॅस्टिकची ३ मिलीची सिरिंज घ्या, दहा रुपयांच्या आत मिळते. आमच्यात आता बाटलीबरोबरचा ड्रॉपर कुणी हातात धरत नाही.

‘नॅनो’ लिहिलेली छोटी बाटली मिळते, ५ मिलीत ६०,००० युनिट. म्हणजे मिलीला १२,०००. आमच्या थेंबांच्या पंधरा पट. ती आणि ही एकाच कप्प्यात ठेवू नका, आणि आज्जी-आजोबांच्या साठ हजारांच्या पुडीचं तर नावच नको. एकदम भला मोठा डोस मारून वर्षाचं काम उरकायची जुनी पद्धत या मुलांना नको, असं तो २०१७ चा सल्लाही सांगतो. आठवड्याचा किंवा महिन्याचा डोस डॉक्टर लिहितात, तो वेगळा. तेवढीच एकूण मात्रा तशी वाटून दिली तरी पातळी सारखीच वाढते, हे भारतातल्या मुलांवरच्या अभ्यासातही दिसलंय. ज्यांच्या पोराला रोज काही गिळायचा कंटाळा, त्यांनी हे डॉक्टरांना जरूर विचारावं. आम्हाला रोजचंच बरं, विसरत नाही.

चव? तेलातले थेंब जवळजवळ बेचव, दुधाच्या घोटाबरोबर जातात. पाण्यासारखे पातळ असतात ते गोड, संत्र्याच्या वासाचे. पोराला गोड आवडतात. मला तेलातले, कारण हा पठ्ठ्या गोड बाटली स्वतः उघडायला शिकलाय. आता ती देवघरावरच्या फळीवर असते. जास्त झालं तर कॅल्शिअम चढतं: उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान. रक्तातल्या डीचा आकडा ४८ च्या पुढे गेला की थेंब थांबवायचे असं मॅडमनी सांगून ठेवलंय.

दुकानदार आणखी दोन गोष्टी गळ्यात मारायला बघतात. एक, कॅल्शिअम-डीचं गुलाबी सिरप. मागची बाजू वाचा. पुष्कळ सिरपमध्ये कॅल्शिअम फॉस्फेट असतं, आणि आम्ही इकडे फॉस्फरस कमी ठेवायला दूध-पनीर मोजून देतोय. दोन, ‘अल्फा’ची कॅप्सूल. अल्फाकॅल्सिडॉल वेगळं औषध आहे, किडनीचं काम आधीच करून दिलेलं; पीटीएच चढला तर डॉक्टर ते देतात, थेंबांच्या जागी नाही. ‘दोन्ही डी३च की’ म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

तीन महिन्यांनी डीचा रिपोर्ट ३४ आला, पीटीएच ठीक, कॅल्शिअम ठीक. आता रोज १०००, म्हणजे सव्वा मिली. १५ ची बाटली बारा दिवस जाते. औषधाला पाचपैकी पाच, ड्रॉपरला दोन, आणि खोक्यावर ४०० आणि ८०० एकाच रंगात छापणाऱ्याला शून्य. बिलावर आकडा लिहून घ्या, परत करायला सोपं जातं.