बर्निंग मॅनसाठी सायकल: विकत, भाड्याने की हिरव्या रंगाची ‘पिवळी’?

अमेरिकेत, नेव्हाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात ऑगस्टच्या शेवटी बर्निंग मॅन या वार्षिक कला-उत्सवाचं तात्पुरतं गाव वसतं आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, उठतं. सत्तर हजारांवर माणसं आणि गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन किलोमीटरच्या आसपास. गाडी एकदा तंबूशेजारी लावली की निघेपर्यंत हलवायची नाही. फिरतात ती फक्त परवाना घेतलेली सजवलेली वाहनं, तीही ताशी पाच मैलांच्या आत. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर सहज होतात, त्यामुळे सायकल लागतेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून मराठी मंडळींचे गट निघतात तेव्हा तिकीट, पाणी, तंबू यांवर महिनाभर खल होतो, आणि सायकलीचं मात्र ‘रेनोला बघू’ (रेनो म्हणजे वाटेतलं नेव्हाडातलं शहर) म्हणून सोडून देतात. ऐन आठवड्यात रेनोला बघण्यासारखं फार काही उरलेलं नसतं.

मार्ग चार. मोठ्या सुपरस्टोअरमधली नवी क्रूझर, रेनोतली जुनी पण दुरुस्त केलेली सायकल, भाड्याची, आणि गावातली सार्वजनिक.

नवी क्रूझर दीडशे डॉलरच्या आसपास मिळते. जाड टायर, उभं हँडल, एकच गिअर, उलटं पॅडल मारलं की ब्रेक. या वाळवंटासाठी रचना अगदी बरोबर आहे, कारण धूळ शिरून बिघडेल असा गिअरचा लटांबर तिला नाही आणि ब्रेकच्या केबलही नाहीत. दोष सायकलीत कमी, जोडणीत जास्त. दुकानात घाईने जोडलेल्या सायकलींत त्याच त्या चुका सापडतात. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुबेळका, उलटा बसवलेला असतो. डाव्या पॅडलचे आटे मुळातच उलटे असतात, तेच पॅडल उजव्या क्रँकमध्ये (पॅडलच्या दांड्यात) जबरदस्तीने पिळलेलं असतं. पॅडलवर एल आणि आर कोरलेलं असतं, ते बघा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मागच्या हबमधून (चाकाच्या मधल्या तुंब्यातून) निघणारी ब्रेकची चपटी पट्टी. ती मागच्या चाकाशेजारच्या खालच्या नळीला क्लिपने आवळलेली असायला हवी. क्लिप ढिली असेल तर ब्रेक मारताच पट्टी चाकाबरोबर फिरू पाहते, अक्षाचे नट सैल होतात आणि ब्रेक जातो. ही क्लिप, अक्षाचे दोन्ही नट, हँडल आणि सीट एवढं स्वतः पान्याने घट्ट करून निघायच्या आधी पाच-सात किलोमीटर चालवून बघा. नवी चेन तेवढ्यात थोडी ढिली पडते. चाक मागे ओढून दोन्ही नट आळीपाळीने आवळायचे. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली की दहा-बारा मिलिमीटर हलली पाहिजे. त्याहून सैल असेल तर उतरेल, आणि या सायकलीत चेन उतरली की ब्रेकही गेला.

सहा-सात गिअरची स्वस्त माउंटन बाइक घेऊ नका. जमीन टेबलासारखी सपाट आहे, गिअर वापरणार कुठे? चार इंची टायरची फॅट बाइक मऊ धुळीत खरोखर मस्त चालते. पण ती जड असते, महाग असते आणि तिची ट्यूब शेजारच्या तंबूत कुणाकडेही मिळत नाही.

दुसरा मार्ग आमच्या मते सगळ्यांत चांगला. रेनो बाइक प्रोजेक्ट ही ना-नफा सामुदायिक कार्यशाळा बर्निंग मॅनसाठी सायकली दुरुस्त करून विकते आणि नंतर दान म्हणून परतही घेते. जोडणी जाणत्या हातांची असते. अडचण निवडीची. सहा जणांना सहा प्रकारच्या सायकली मिळतात, आणि मग सुटे भाग सहा प्रकारचे न्यावे लागतात. शक्य तितक्या सव्वीस इंची चाकांच्या आणि मोटारीसारख्या जाड व्हॉल्व्हच्याच निवडा. लवकर जा, चौकशी त्याहून लवकर करा.

भाड्याची सायकल एकट्याने विमानाने येणाऱ्यासाठी. आगाऊ नोंदणी करून रेनोत ताब्यात घ्यायची; काही परवानाधारक सेवा थेट वाळवंटात आणून देतात. ऐनवेळी तिथे जाऊन भाड्याने घेऊ हा बेत मात्र डोक्यातून काढून टाका. गावात खरेदी-विक्री चालत नाही, बर्फाचा तेवढा अपवाद. २०२२ पासून तर कॉफीही विकत मिळत नाही. भाडं बऱ्याचदा साध्या नव्या क्रूझरच्या किमतीला भिडतं, पण तुम्ही पैसे मोजता ते परत न्यायच्या कटकटीतून सुटका व्हावी म्हणून. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: दिवा आणि कुलूप सोबत मिळतं का, चोरीला गेली तर किती भरायचं, आणि धुण्याचे वेगळे पैसे लावतात का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी बिलातच कळतं.

आता सार्वजनिक सायकली. नाव यलो बाइक, रंग हिरवा. नाव जुनं आहे: १९९४ साली पोर्टलंडमध्ये पिवळ्या रंगवलेल्या फुकट सायकली रस्त्यावर सोडल्या होत्या, आणि त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, ॲम्स्टरडॅममध्ये पांढऱ्या. हिरवी सायकल मोकळी दिसली की घ्यायची, हवं तिथे जायचं, उतरलात की तिथेच सोडायची. नोंदणी नाही, ॲप नाही, पैसे नाहीत. नियम एकच आणि कडक: कुलूप लावायचं नाही, तंबूत न्यायची नाही, रात्रभर ‘आपली’ करून ठेवायची नाही. तासावर सायकल देणारा दुकानदार वहीत नाव लिहायचा आणि घड्याळाकडे बघायचा. इथे वही नाही आणि घड्याळही नाही, म्हणून सगळा भार घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर. बहुतेक वेळा ते चालतं. एकेरी प्रवासासाठी ही सेवा उत्तम. ‘टेंपल’ नावाच्या तिथल्या मोठ्या कलावास्तूपर्यंत चालत गेलात, पाय दुखले, हिरवी सापडली, घरी आलात. पण तुम्ही आत कार्यक्रम बघत असताना ती दुसरा कुणी नेणारच, आणि नेलीच पाहिजे. रात्री दोन वाजता, गावाच्या कडेला, थंडीत हिरवी सायकल शोधत फिरण्याची वेळ येऊ द्यायची नसेल तर तिच्यावर विसंबू नका. सीट बहुधा चुकीच्या उंचीवर असते, म्हणून खिशात छोटा पाना ठेवा.

गटासाठी आमचा सल्ला: सगळ्या सायकली शक्य तितक्या एकाच जातीच्या घ्या आणि सामायिक ठेवा. सहा माणसांना चार पुरतात, कारण सहाही जण एकाच वेळी जागे असतात असं फारसं घडत नाही. सामायिक करायचं तर सीट लगेच वर-खाली झाली पाहिजे. मूळ नटाच्या जागी क्विक-रिलीज क्लॅम्प, म्हणजे पान्याशिवाय हाताने उघडणारी पकड, लावा. तो घेताना सीटच्या दांड्याचा नव्हे, दांडा ज्या नळीत जातो तिचा बाहेरचा व्यास मोजायचा, इथे हमखास चूक होते. पाच फुटी आणि सहा फुटी माणसांसाठी दांड्यावर मार्करने दोन रेघा मारून ठेवा. कुलपं आकड्यांची, आणि सगळ्यांचा आकडा एकच. चावीचं कुलूप धुळीने अडकतं आणि चावी हरवते. सायकली बांधायला खांब नसतात, म्हणून चाक आणि फ्रेम एकत्र बांधायची, किंवा दोन सायकली एकमेकींना. पाच मिनिटांसाठीही बांधा. बरेचदा चोर नसतो, आपलीच समजून दुसऱ्याची घेऊन जाणारा असतो. अंधारात सगळ्या क्रूझर सारख्याच दिसतात. म्हणून फ्रेमवर नाव आणि गावातला पत्ता लिहा, आणि हँडलला काहीतरी ठळक लावा. पिसं, चमकी, झिरमिळ्या मात्र नकोत. वाऱ्याने उडून जमिनीवर पडतात आणि त्या वेचणं तुमच्याच माथी येतं.

चार सायकलींमागे सोबत न्यायचं सामान: सव्वीस इंची चार ट्यूबा (१.७५ ते २.१२५ इंच रुंदीच्या टायरच्या), पंक्चरचं सामान, पंप, पंधरा मिलिमीटरचा पाना, ४-५-६ मिलिमीटरच्या ॲलन की, एक ॲडजस्टेबल पाना, चेन तोडायचं हत्यार आणि एकेरी चेनची जोडकडी. कडी एक अष्टमांश इंच रुंदीच्या चेनची हवी. गिअरवाल्या चेनची अरुंद असते, बसत नाही. जादा पॅडल नेणार असाल तर क्रँक बघा. एकाच अखंड सळईचा वाकवलेला क्रँक असेल तर पॅडलचे आटे अर्ध्या इंचाचे, तीन भागांचा असेल तर नऊ सोळांशाचे. गावात फुकट दुरुस्ती करून देणारे तंबू असतात, पण सुटा भाग आपला आपण नेला तर काम पटकन होतं आणि समोरच्यालाही बरं वाटतं.

टायरमध्ये हवा पूर्ण मारू नका. वीस-पंचवीस पीएसआय पुरे, मऊ धुळीत टायर पसरतो आणि रुतत नाही. चेनला ओलं तेल घालायचं नाही. तेल आणि ही मैद्यासारखी बारीक धूळ मिळून पॉलिश पेपरासारखा लगदा होतो. मेणाचं कोरडं वंगण वापरा, नाहीतर ती तशीच कोरडी राहू द्या. मडगार्ड शक्य असेल तर घरीच काढून ठेवा. २०२३ साली पाऊस पडून सत्तर हजारांवर माणसं अडकली, तेव्हा चिखलाने चाकं जाम झाली. ही माती टायरवर थरावर थर चढवते आणि फ्रेमपाशी येऊन घट्ट बसते. ओल्यात सायकल चालवायचीच नाही. चाकोऱ्या पडतात आणि वाळल्यावर सगळ्यांनाच त्रास देतात.

रात्री पुढे पांढरा, मागे लाल दिवा, आणि अंगावरही काहीतरी उजळणारं. आऱ्यांना दिव्यांची माळ लावली तर बॅटरी हबलगत घट्ट बांधा, लोंबती वायर चेनमध्ये गेली की चाक अडकतं. तंबूंमधून वाट काढताना दोऱ्या आणि जमिनीत ठोकलेल्या सळया दिसत नाहीत, तिथे उतरून चाला. धुळीचं वादळ उठलं तर थांबा; दिसत नसताना पुढे जाण्यात शहाणपण नाही.

गाडीमागच्या लोंबत्या रॅकवर क्रूझर सरळ बसत नाही, वरची नळी वाकडी असते. सीट आणि हँडल यांच्यामध्ये लावायची वेगळी दांडी मिळते, ती घ्या. रॅकची वजनमर्यादाही बघा, एक क्रूझर सोळा-अठरा किलोची असते. वाळवंटाकडे जाताना वड्सवर्थ गावापासून गेर्लॅक गावापर्यंत ४४७ नंबरच्या रस्त्यावर वारा आडवा येतो, तेव्हा रॅचेटचे पट्टे लावा, नुसती दोरी नको. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले गेले तर पोलीस थांबवतात.

परत आणणं ठरवूनच निघा. २०१७ साली तिथे हजारो सायकली टाकून दिलेल्या सापडल्या, आणि त्या उचलणं हे कुणाच्या तरी पाठीवर आलेलं काम होतं. प्रत्येक सायकल कोण नेणार याचं नाव जायच्या आधीच कागदावर असू द्या. घरी आल्यावर आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी लावून पुसा, कारण ही धूळ अल्कधर्मी आहे आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. लगेच साध्या पाण्याने धुवा, नाहीतर व्हिनेगरच गंज चढवतं. चेन वाळवून तेल घाला. चाक हाताने फिरवून कान द्या. खरखर ऐकू आली तर हब उघडून जुनं ग्रीस पुसून नवं भरा, आणि मगच सायकल कुणाला दान द्या.