कंबरदुखी: मोबाइलमधलं ॲप की मिरजेचा फिजिओ?

कंबर तीन महिन्यांच्या वर दुखतेय, एमआरआय झाला, ‘मणक्यात गॅप आहे’ हेही ऐकून झालं आणि डॉक्टरांनी शेवटी ‘पोटाचे-पाठीचे व्यायाम करा’ म्हणून सोडलं. आता सांगलीतून रोज मिरज गाठायची की घरी ॲप लावून सतरंजी अंथरायची, असा प्रश्न पडलेले बरेच जण आहेत. पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, ताप असेल किंवा पडल्यापासून दुखत असेल, तर हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

बाकीच्यांसाठी व्यायाम दोन्हीकडे साधारण तेच. कॅनडातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी रूढ केलेले तीन तर जवळपास सगळीकडे दिसतात: उताणं झोपून डोकं-खांदे जेमतेम उचलणं, कुशीवरचा प्लँक (कोपर टेकून अंग सरळ उचलून धरणं), आणि रांगत्या बाळासारखं होऊन एक हात नि विरुद्ध बाजूचा पाय लांब करणं. म्हणजे फिजिओला आपण पैसे देतो ते व्यायामाचे नव्हे, त्यांच्या नजरेचे.

तिसऱ्या व्यायामात ही नजर लागतेच. पाय वर जातो तशी कंबर खाली झोल खाते, एका बाजूचा कुल्ला वर येतो, श्वास कोंडला जातो. आणि करणाऱ्याला वाटतं, जमलं की! त्यात मोबाइल जमिनीवर ठेवलेला, म्हणजे बघायला मान वाकडी. काही ॲप कॅमेऱ्यातून चुका दाखवतात, पण कमरेवर बोट ठेवून ‘इथं सरळ ठेवा’ म्हणणारं माणूस वेगळंच. वाकायचीच भीती बसलेल्यांना, मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्यांना किंवा ऊसतोडीवर जाणाऱ्यांना मी तरी आधी माणसाकडेच पाठवीन.

ॲपची बाजू वेगळी. ते पहाटे पाचलाही तयार असतं, बसचा वेळ नि सिटिंगचे पैसे वाचतात. सूचना बहुधा इंग्रजीत, हा खोडा आहेच. उपयोग किती? डेन्मार्क-नॉर्वेत ४६१ जणांवर ‘सेल्फबॅक’ ॲपची चाचणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ॲप वापरणाऱ्यांना तीन महिन्यांनी जास्त आराम होता, पण २४ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक एका गुणाच्याही आत. जाहिरातीतला चमत्कार त्यात नाही.

मात्र फिजिओ म्हणजे मशिन असं जिथं समीकरण आहे, तिथं ॲपच बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीवर ध्वनिलहरींचं अल्ट्रासाउंड मशिन, विजेचे सौम्य झटके देणारं टेन्स, कंबर ताणणारं ट्रॅक्शन नको असं म्हटलंय, आणि आपल्याकडे घरोघरी असलेला कमरेचा पट्टाही नको. वीस मिनिटं मशिन आणि जाताना व्यायामाचा छापील कागद, एवढ्यासाठी रोजची खेप कशाला?

आणि ‘कोअर’ला, म्हणजे या पोटा-पाठीच्या व्यायामांना, फार डोक्यावर घेऊ नका. इतर व्यायामांशी तुलना केली तर त्याचा फायदा फारसा वेगळा निघत नाही. कंटाळा येत असेल तर सांगलीच्या आमराई बागेत चाला. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दुखणं नुकतंच थांबलेल्यांपैकी ज्यांना फिजिओच्या सल्ल्यानं चालायला लावलं, त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परतायला २०८ दिवस लागले. बाकीच्यांतल्या निम्म्यांचं ११२ दिवसांतच परतलं.

माझं मत विचाराल तर दोन-तीन सिटिंग घ्या, मग ॲप. फोनवर आधीच ‘मशिन न लावता नुसते व्यायाम शिकवाल का?’ असं विचारून घ्या. उत्तर टाळाटाळीचं आलं तर दुसरा नंबर लावा. गेल्यावर ॲपमधले व्यायाम त्यांना दाखवा, कुठले वगळायचे ते विचारा आणि बरोबरच्या माणसाला तुमचा व्हिडिओ काढायला सांगा, बाजूनं, पूर्ण अंग दिसेल असा. ॲपची वर्गणी त्यानंतर भरा; तीही आधी महिन्याची, वर्षाची नको.