मदतनीस, वेगळी खोली, दोन शिक्षक की बदललेला पाठ?

वर्गात एक मूल श्रवणयंत्र लावून बसलंय. दुसऱ्याला वाचताना अक्षरं जुळत नाहीत, तिसरं दहा मिनिटं जागेवर टिकत नाही आणि चौथं प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर सांगून मोकळं होतं. ही सगळी एकाच वर्गात शिकावीत, ही दिशा विशेष गरजांच्या मुलांच्या शिक्षणाबद्दलच्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याने दाखवली. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातल्या कलम २४ ने तो हक्कच केला. शाळेपुढे उरतो तो रोजच्या तासाचा प्रश्न. जादा मदत मिळणार असेल तर ती बसवायची कुठे: मुलाच्या शेजारी, वर्गाबाहेर, फळ्यापाशी की पाठातच?

शेजारी बसणारा मदतनीस

शाळेला आणि पालकांना सगळ्यात आधी हेच सुचतं, कारण ही मदत डोळ्यांना दिसते. मुलाला फिट येते, स्वच्छतागृहात आधार लागतो किंवा ते अचानक वर्गाबाहेर धावत सुटतं, तर प्रश्नच नाही, माणूस हवाच. शिकण्यासाठी मात्र हा उपाय दिसतो तितका सरळ नाही.

एका गणिताच्या तासाला मी मागच्या बाकावर बसून पाहत होते. बाईंनी विचारलं, "पाऊण म्हणजे चारातले किती भाग?" मुलाने फळ्याकडे पाहिलंच नाही, शेजारच्या ताईंकडे पाहिलं. ताईंनी वहीवर हळूच बोटाने तीन गिरवला, त्याने तो लिहिला, बाईंनी शाबासकी दिली. तासानंतर मी त्याला चार घड्या घातलेला कागद दिला आणि पाऊण भाग रंगवायला सांगितला. त्याने एक घडी रंगवली आणि ताई कुठे आहेत ते शोधू लागला. ताई मनापासून काम करत होत्या, पण त्यांचं काम पान पुरं करून घेण्याचं होऊन बसलं होतं.

हे एका वर्गापुरतं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ पासून काही वर्षं मोठा अभ्यास केला. आधीची पातळी आणि गरज सारखी असलेल्या मुलांची तुलना केली, तर मदतनिसाचा आधार जास्त मिळालेल्यांची प्रगती कमी निघाली. दोष मदतनिसांचा नव्हता. ज्यांना सर्वांत कुशल शिक्षकाची गरज, त्यांचाच शिक्षकाशी बोलण्याचा वेळ कमी होत होता. त्याआधी १९९७ मध्ये अमेरिकेत मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनीही मोठं माणूस सतत चिकटून असलं की मूल वर्गमित्रांपासून तुटतं, असं नोंदवलं होतं.

वेगळी खोली

रिसोर्स रूमला, म्हणजे मुलाला वर्गातून उठवून वेगळं शिकवतात त्या खोलीला, हल्ली उगाच नाकं मुरडली जातात. ब्रेलचे सहा ठिपके बोटांना ओळखू येणं किंवा आवाज आणि अक्षर यांची जोडी बसणं, याला शांतता, पुनरावृत्ती आणि प्रशिक्षित शिक्षक लागतो. गजबजलेल्या वर्गात ते होत नाही. पण मुलाला कोणत्या तासातून उठवता ते पाहा. बहुतेक वेळा चित्रकला किंवा खेळाचा तास कापला जातो, म्हणजे नेमका तो, ज्यात मैत्री होते आणि मूल चमकतं. शिवाय तिथे शिकलेलं वर्गात वापरायला मिळालं नाही, तर ते तिथेच राहतं.

एका वर्गात दोन शिक्षक

मेरिलिन फ्रेंड आणि लिन कुक यांनी सहअध्यापनाच्या, म्हणजे एका वर्गात दोघांनी मिळून शिकवण्याच्या, सहा पद्धती मांडल्या आहेत. त्यातली सगळ्यात सोपी म्हणजे एकाने शिकवायचं, दुसऱ्याने फिरून मदत करायची. तयारी लागत नाही म्हणून बहुतेक जोड्या तिथेच अडकतात आणि विशेष शिक्षक, म्हणजे अशा मुलांसाठी खास प्रशिक्षण घेतलेला शिक्षक, महागडा मदतनीस होऊन बसतो. माझ्या मते खरा फायदा गटकेंद्रांचा. वर्गाचे तीन गट करायचे: एक वर्गशिक्षकाकडे, एक विशेष शिक्षकाकडे, एक स्वतः काम करणारा. ठरावीक वेळाने गट फिरतात. विशेष शिक्षकाकडे सगळीच मुलं जातात, त्यामुळे 'ते त्या बाईंचं मूल' हा शिक्का बसत नाही.

याची किंमत आहे एकत्र नियोजनाचा वेळ. दोघांना आठवड्यातून एक तास सोबत बसायला वेळापत्रकात जागा नसेल, तर हा पर्याय निवडूच नका. चहाच्या सुट्टीत केलेलं नियोजन फार टिकत नाही.

पाठच बदलणं

याला युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग म्हणतात. कल्पना वास्तुरचनेतून आली: पायऱ्या बांधून मग रॅम्प चिकटवण्यापेक्षा इमारतच सगळ्यांसाठी आखायची. १९८४ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या कास्ट या संस्थेने ती अध्यापनात आणली. गोडी लावण्याचे, आशय मांडण्याचे आणि उत्तर व्यक्त करण्याचे एकाहून अधिक मार्ग आधीपासून ठेवायचे.

वर्गात हे साधं दिसतं. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कारण ओठ दिसले नाहीत की ऐकायला कमी येणाऱ्या मुलाचं अर्धं वाक्य जातं. पाऊण शिकवताना आकृतीसोबत घडीचा कागद सगळ्यांच्याच हातात. उत्तर लिहून, बोलून किंवा रंगवून चालेल. अक्षरांशी झगडणाऱ्या मुलासाठी केलेली ही सोय निम्म्या वर्गाला हवीच असते.

इथे एक गल्लत होते. जादा वेळ, लेखनिक, मोठी अक्षरं या सवलती. त्यांत उद्दिष्ट तेच राहतं. इतरांना अपूर्णांकांची बेरीज आणि याला फक्त अर्धा-पाव ओळखणं, हा उद्दिष्टातलाच बदल. काहींना तो लागतो, पण सवलतीच्या नावाखाली तो गुपचूप करू नका. दोन वर्षांनी पालकांना कळतं तेव्हा उत्तर देणं अवघड जातं.

मग निवडायचं काय?

एकही जादा माणूस मिळणार नसेल तर पाठापासूनच सुरुवात करा. पहिल्या वर्षी सगळे विषय घेऊ नका, एकच घ्या. एक विशेष शिक्षक मिळणार असेल तर त्याला चार वर्गांत वाटून टाकण्यापेक्षा एका वर्गात गटकेंद्रांसाठी द्या. ब्रेल किंवा मूलभूत वाचनासारखं ठरावीक कौशल्य असेल तरच वेगळी खोली, तीही कधी थांबवायची ते आधी ठरवून. मदतनीस आधीच असेल तर काढू नका, त्याला एकट्या मुलाऐवजी गटापाशी बसवा. बाकीची मुलं लिहीत असताना वर्गशिक्षक त्या मुलापाशी जाऊ शकतील.

सहा आठवड्यांनी मागच्या बाकावर वीस मिनिटं बसा आणि एवढंच मोजा: अडल्यावर मूल आधी कोणाकडे वळतं, शिक्षकाकडे, शेजारच्या मुलाकडे की मदतनिसाकडे?