शक्ती येण्याआधीची पानं : किशोरवयीन सुपरहिरोंची कॉमिक्स काही महिने वापरल्यावर

मी नववी-दहावीच्या शिकवण्या घेते. मुलं वेळेच्या आधी येऊन बसतात आणि बसल्या बसल्या मोबाइल काढतात. त्यावर उतारा म्हणून गेल्या दिवाळीनंतर हॉलमधली एक फळी कॉमिक्सने भरली. निवडताना अट एकच होती : नायक किंवा नायिका शाळकरी वयाची हवी आणि पुस्तक अगदी सुरुवातीपासूनचं हवं, म्हणजे अंगात काहीबाही शक्ती येण्याआधी ते पोरगं घरी कसं राहत होतं, शाळेत कसं वावरत होतं, ते त्यात दिसलं पाहिजे. आता पावसाळा सुरू झालाय आणि पुस्तकं बऱ्यापैकी मळली आहेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. नवं कोरं पुस्तक हातात घेऊन लिहिलेली परीक्षणं ढीगभर मिळतात. पंधरा-वीस पोरांच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही.

मळलेलं पुस्तक बरंच काही सांगतं. जी पानं पुन्हा पुन्हा उघडली जातात ती कडेला काळपट पडतात, कोपरे मऊ होतात. माझा अंदाज होता की मारामारीची पानं आधी खलास होतील. ती सगळी जवळपास नव्यासारखी आहेत. काळी पडलीत ती घरातली, शाळेतली, दुकानाच्या काउंटरवरची पानं.

पीटर पार्करपासून सुरुवात करणं भाग होतं. स्पायडरमॅनची मूळ गोष्ट अवघी 11 पानांची. ‘अमेझिंग फँटसी’चा 15वा अंक, त्यावर तारीख ऑगस्ट 1962, लेखन स्टॅन ली, चित्रं स्टीव्ह डिटको, आणि गंमत म्हणजे तो त्या मालिकेचा शेवटचाच अंक होता. पीटरचं साधं आयुष्य त्यात जेमतेम दोन पानांत उरकलंय. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात काका-काकूंकडे वाढणारा, चष्मा लावणारा, शिक्षकांचा लाडका आणि वर्गाचा नावडता मुलगा. वर्गातल्या मुलीला धीर करून विचारतो, तर ती वर्गातल्या लाडक्या फ्लॅश थॉम्पसनचं कौतुक ऐकवते. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला चला म्हणतो, तर सगळे हसून गाडीतून निघून जातात. मग एकटाच जातो आणि तिथे तो कोळी चावतो. आमच्याकडच्या एका मुलाचा पहिला प्रश्न होता, ‘‘मॅडम, ह्याला संध्याकाळी क्लास नव्हता का?’’ प्रश्न चुकीचा नाही. दहावीच्या मुलाची एक संध्याकाळ रिकामी असते, हीच आमच्या पोरांना कोळ्यापेक्षा मोठी कल्पनाकथा वाटते.

दोनच पानं असली तरी डिटकोने त्यांत फार मोजून काम केलंय. पहिल्याच चित्रात सगळी पोरं एका बाजूला घोळक्यात आणि पीटर दुसऱ्या बाजूला, त्याच्यामागे भिंतीवर कोळ्याची सावली. मला मात्र त्याहून आवडते ती शक्ती आल्यानंतरची एक छोटी चौकट : बेनकाका आणि काकू त्याला हवा असलेला सूक्ष्मदर्शक आणून देतात. पीटर तोवर भिंती चढायला लागलाय, कुस्तीच्या आखाड्यात कमाईही करून आलाय, आणि घरात अजून जुन्या पीटरचे लाड चाललेत. ती एक चौकट काढून टाका, काकांच्या मृत्यूचं वजन निम्मं होईल.

1963 साली त्याची स्वतंत्र मालिका निघाली, तिचा पहिला अंक माझ्याकडच्या खंडात, म्हणजे अनेक अंक एकत्र बांधलेल्या पुस्तकात, पुढे आहे आणि आमच्याकडे तोच जास्त चालला. काका गेल्यावर घरभाडं थकलंय, काकू गुपचूप दागिने गहाण टाकतेय. इकडे पोराने स्पायडरमॅन म्हणून खेळ करून चेक मिळवलाय, पण तो ‘स्पायडरमॅन’च्या नावे. बँकेतला माणूस ओळखपत्र मागतो. केवायसीने गांजलेल्या देशातल्या मुलांना हा विनोद समजावून सांगावा लागला नाही.

जुन्या पुस्तकाचा एक अनपेक्षित फायदा. साठच्या दशकातलं इंग्रजी भरभरून बोलतं, चित्रात दिसतंय तेच वर चौकटीत लिहिलेलंही असतं. वाचायला थोडं कंटाळवाणं, पण मराठी माध्यमातली मुलं त्याच्या आधाराने बिनबोभाट पुढे जातात. नव्या पुस्तकांतली अमेरिकन पोरांची बोली त्यांना जास्त अडवते. शिवाय सगळा मजकूर मोठ्या लिपीतल्या अक्षरांत, त्यामुळे इंग्रजीला बिचकणारी मुलंही लवकर सरावतात. कागद गुळगुळीत असल्याने ट्यूबलाइटखाली पान चमकतं, ते तेवढं सोसावं लागतं.

हीच गोष्ट 2000 साली ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’मध्ये पुन्हा सांगितली आणि 11 पानांची सात अंकांत ताणली. ताणली हा शब्द मी तक्रारीच्या सुरात वापरत नाहीये. इथे बेनकाकांना बोलायला वेळ मिळतो, लांब केस मागे बांधलेला जुना हिप्पी आहे तो, पोराशी भांडतो, समजूत घालतो. तो जातो तेव्हा घरातलं कोणीतरी गेल्यासारखं वाटतं. दोन्ही पुस्तकं ओळीने वाचायला दिली की एकच प्रसंग दोन पानांत आणि शंभरेक पानांत कसा बदलतो, हे न शिकवता कळतं.

आता फळीवरचं सगळ्यात फाटकं पुस्तक. कमला खान, म्हणजे मिस मार्वल हे जुन्या नायिकेचं नाव घेणारी नवी मुलगी. स्वतंत्र मालिका 2014 पासून, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना, आणि ही मुलगी मुळात सुचली ती संपादक सना अमानत आणि स्टीफन वॅकर यांच्या गप्पांतून. पहिल्या खंडाला विज्ञानकथा-कल्पनाकथांसाठीचा 2015 चा ह्यूगो पुरस्कार मिळालाय. पण पुरस्कार बघून पोरं पुस्तक उचलत नाहीत.

सुरुवात बघा. न्यू जर्सीतलं जर्सी सिटी, सर्कल क्यू नावाचं कोपऱ्यावरचं दुकान. सोळा वर्षांची कमला काउंटरवर वाकून डुकराच्या मांसाचं सँडविच नुसतं हुंगतेय. खाणार नाही, खाऊ शकत नाही, पण वास तर घेऊ द्या. गल्ल्यावर तिचा मित्र ब्रूनो वैतागलेला, शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली मैत्रीण नाकिया. तेवढ्यात झोई येते आणि अगदी गोड आवाजात नाकियाला विचारते, हा रुमाल कोणी जबरदस्तीने तर बांधायला लावला नाही ना? दोन-तीन पानांत सगळी मुलगी समोर उभी. घरी ती ॲव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या चमूवर स्वतःच्या कथा लिहून इंटरनेटवर टाकत बसते, आई जेवायला हाका मारते, मोठा भाऊ आमिर प्रार्थनेत रमलेला आणि वडील त्याला नोकरीवरून टोमणे मारतायत. नदीकाठच्या पार्टीला जाऊ का विचारल्यावर काय उत्तर येतं हे आमच्या वर्गातल्या मुलींनी पान उलटायच्या आधीच सांगितलं. एक म्हणाली, ‘‘तिथे मुलं असतील का, हेच विचारणार.’’ तसंच विचारतात. मग खिडकीतून पळणं, पार्टीत संत्र्याच्या रसात कोणीतरी दारू मिसळून देणं, फजिती, आणि एकटीने घरी निघालेली असताना शक्ती देणारं ते धुकं.

पहिला अख्खा अंक संपत येतो तेव्हा कुठे शक्ती येते. धुक्यात तिला कॅप्टन मार्वल, आयर्नमॅन आणि कॅप्टन अमेरिका दिसतात आणि त्या दर्शनात अमीर खुसरोच्या ‘सकल बन फूल रही सरसों’च्या ओळी कानी पडतात. माझ्यासाठी हे पान एकटंच पुस्तकाची किंमत वसूल करणारं आहे. अमेरिकेत वाढलेल्या पोरीच्या डोक्यात टीव्हीवरचे वीर आणि घरातली कव्वाली एकाच कप्प्यात ठेवलेली असणार, हे लेखिकेला ठाऊक आहे. कोण व्हायचंय असं कॅप्टन मार्वलने विचारल्यावर कमला म्हणते, तुझ्यासारखं, आणि धुक्याच्या कोशातून बाहेर पडते ती सोनेरी केसांची कॅप्टन मार्वल होऊन. पुढच्या अंकात कळतं की ते केस तोंडावर येतात आणि तो तंग पोशाख नको तिथे रुततो. आकार बदलण्याची शक्ती तिला मिळाली, कारण आधीपासून तिला दुसऱ्याच कोणाचा तरी आकार हवा होता. इतर पुस्तकांत शक्ती बाहेरून येऊन आदळते. इथे ती दुकानातल्या त्या काउंटरपासूनच वाढत आलेली आहे, म्हणून ही पानं परत परत उघडली जातात असं मला वाटतं.

या मालिकेचा आपल्याशी एक धागाही आहे. 2016 च्या एका अंकाची सुरुवात होते 1947 सालच्या मुंबईत. कमलाचे पणजोबा-पणजी फाळणीच्या वेळी तिथून कराचीला निघतात. पानं थोडी आहेत, पण ती वाचल्यावर आमच्या एका मुलीने पहिला खंड पुन्हा मागून नेला.

माइल्स मोरालिस, म्हणजे पीटरनंतरचा दुसरा स्पायडरमॅन; त्याचा पहिला खंड मुलांपेक्षा पालकांनी जास्त वाचला. हा 2011 चा, लेखक पुन्हा बेंडिस, चित्रकर्ती सारा पिकेली. ब्रुकलिनमधला तेरा वर्षांचा मुलगा, वडील कृष्णवर्णीय, आई पोर्तो रिकन. चांगल्या शाळेतल्या प्रवेशाची सोडत आहे, जागा मोजक्या, सभागृहात आई-बाप आणि पोरं श्वास रोखून बसलीत. शेवटचा आकडा 42 निघतो आणि तो माइल्सचा असतो. आईला रडू फुटतं. माइल्स मात्र आजूबाजूच्या, नंबर न लागलेल्या मुलांकडे बघत राहतो. आरटीईच्या 25 टक्के जागांसाठी ज्यांनी मोबाइलवर मेसेजची वाट पाहिली आहे त्यांना या पानावर काही सांगायची गरज नाही. एक वडील मुलाला न्यायला आले होते, ते चप्पल घालता घालता थांबले आणि ते प्रकरण उभ्यानेच वाचून गेले. कोळी त्यानंतर चावतो, चोऱ्या करणाऱ्या काकाच्या घरी, जिथे जायला वडिलांची मनाई आहे. आणि शक्ती आल्यावर हा पोरगा आनंदाने उड्या मारत नाही. नकोच आहे त्याला. नशिबाने एकदा नंबर लागला तेवढं पुरे होतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. हायमे रेयेस, 2006 चा ब्लू बीटल, टेक्सासमधल्या एल पासोचा : वडिलांचं गॅरेज, आई नर्स, जिवलग मित्र-मैत्रीण. वर्षभर गायब राहून परत आल्यावर तो घरच्यांना सगळं खरं सांगून टाकतो, आणि मुखवट्याचं गुपित घरापासून लपवायच्या नेहमीच्या खटाटोपातून आपली सुटका होते. मुलांना तो आवडला, पण वेडं कोणी झालं नाही. किटी प्राइड 1980 ची, एक्स-मेन या जन्मजात शक्ती असलेल्यांच्या चमूतली. साडेतेरा वर्षांची, नृत्य शिकणारी, आई-बाप घटस्फोटाच्या वाटेवर, आणि मध्येच असह्य डोकेदुखी. तिला काही चावत नाही, वयात येताना शक्ती आपसूक उगवते. त्या खंडात ती फार थोडी आहे आणि बाकीची गर्दी फार, त्यामुळे नवख्या वाचकाला हे पुस्तक देऊ नका.

राहता राहिला आपला मुंबईकर, पवित्र प्रभाकर. ‘स्पायडरमॅन : इंडिया’, 2004, चार अंक, चित्रं जीवन कांग यांची. माझ्याकडची प्रत फोर्टच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून आलेली. गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईच्या बड्या शाळेत आलेला मुलगा, सोबत भीमकाका आणि मायाकाकू, शाळेत धोतरावरून चेष्टा, आणि शक्ती एका योग्याकडून. कागदावर ही सगळ्यात जवळची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात आमच्या मुलांना तीच सगळ्यात परकी वाटली. 2004 साली शाळेत धोतर नेसून येणारा मुलगा कोणी पाहिलाय? गावाहून मुंबईत आलेल्या पोराला लोकल कशी पकडायची, दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला कुठे बसायचं, कुठला शब्द तोंडून गेला की वर्ग हसतो, हे खरे प्रश्न, आणि त्यांच्यासाठी चार अंकांत जागाच नाही. चित्रं मात्र देखणी आहेत. इमारतींवरून झेपावणारा धोतरवाला कोळी मला अजूनही बघावासा वाटतो.

वापराच्या बाजूने दोन गोष्टी. जाड खंड डिंकाने चिकटवलेले असतात, ते सपाट उघडून ठेवले की कणा मोडतो. माझ्या एका खंडाची मधली पानं सुटलीच, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून शिवून आणली आणि शिलाईने आतल्या बाजूची अक्षरं थोडी गिळली. त्यामुळे पाच-सहा अंकांचे बारीक खंड घ्या, महाग पडले तरी. एका खंडाच्या किमतीत तीन-चार दिवाळी अंक येतात, हे गृहीत धरून चाला. ऑनलाइन मागवलेला एक खंड कोपरा चेमटून आला होता, तेव्हा विक्रेता बदलून मिळण्याची हमी देतो का ते आधी बघा. अकरा-बाराच्या आतल्या मुलांना पीटरचा जुना खंड चालेल, माइल्स आणि कमला तेराच्या पुढे.

एकच घ्यायचं असेल तर कमलाचा पहिला खंड, घरात प्रवेशाच्या रांगेत उभं मूल असेल तर माइल्स. मी कमलाची दुसरी प्रत मागवली आहे, कारण पहिलीचं मुखपृष्ठ आता सेलोटेपवर तगून आहे आणि यादीत अजून चौघांची नावं बाकी आहेत. पवित्र फळीवरून काढून माझ्या कपाटात गेलाय. कोणी मागितला तर देईन, अजून कोणी मागितलेला नाही.